कोलोनच्या 'ऱ्हाइनकाठची संध्याकाळ' कार्यक्रमाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: जादा शुल्क घेऊन ठेवलेल्या सायंकाळच्या कार्यक्रमातील त्रुटी व परतावा

महोदय,

आपल्या युरोप सहलीत जूनच्या तिसऱ्या आठवड्यातील रविवारी, जर्मनीतील कोलोनच्या मुक्कामात, 'ऱ्हाइनकाठची संध्याकाळ' हा कार्यक्रम होता. त्याचे पैसे आपण माणशी वेगळे घेतले. खरेदी, ब्राउहाउसमधले (बिअर बनवणाऱ्या पारंपरिक भोजनगृहातले) जेवण आणि रोषणाईतील बोटफेरी असा तो बेत होता. पाऊस नव्हता, संप नव्हता, नदीला पूर नव्हता. तरीही संध्याकाळ वाया गेली. याचे कारण सरळ आखणीत आहे. आपल्या पुढच्या गटांचेही असेच होऊ नये, म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

मुख्य तक्रार बोटफेरीची. पत्रकात 'रात्रीच्या झगमगाटात न्हालेले कॅथेड्रल' असे छापले होते आणि फेरी होती साडेआठ ते साडेनऊ. कोलोनमध्ये जूनच्या त्या आठवड्यात सूर्य मावळतो रात्री ९ वाजून ५० मिनिटांच्या सुमारास. दिवे उठून दिसतील इतका काळोख व्हायला साडेदहा वाजतात. म्हणजे अख्खी फेरी लख्ख उजेडात झाली. हीच वेळ डिसेंबरला अगदी योग्य ठरली असती, कारण तेव्हा साडेचार वाजताच सूर्य मावळतो. हिवाळ्याचे वेळापत्रक जूनच्या सहलीला तसेच चिकटवले आहे, हे उघड आहे. उन्हाळ्यात त्यासाठी बोट लागतही नाही. ऱ्हाइनवरच्या होहेनझोलर्न पुलाच्या पदपथावरून दहा मिनिटांत पलीकडच्या काठावरील डॉइत्स भागात जाता येते. तिथे नदीकाठच्या रुंद पायऱ्यांवर साडेदहाला बसले की पूल, नदी आणि कॅथेड्रलचे १५७ मीटर उंचीचे दोन मनोरे एका नजरेत येतात, तेही फुकट. ज्याला शहर दाखवायचे आहे त्याला हे ठाऊक असायलाच हवे.

बोटीपर्यंत पोहोचतानाही गोंधळ झाला. मार्गदर्शकाने आठ वाजता कॅथेड्रलच्या मागून हाइनरिश ब्योल चौकातून नदीकडे उतरायचे ठरवले. नकाशावर तोच जवळचा रस्ता दिसतो. पण या चौकाच्या बरोबर खाली फिलहार्मोनीचे सभागृह आहे. १९८६ मध्ये ते सुरू झाल्यापासून वरच्या फरशीवरची पावले, चाकांच्या बॅगा आणि स्केटबोर्ड यांचा आवाज खाली ऐकू जातो, म्हणून मैफल किंवा तालीम असली की चौकाच्या कडेला रखवालदार उभे राहून लोकांना बाजूने पाठवतात. त्या रात्री मैफल होती. रखवालदाराने अतिशय सौजन्याने वळसा दाखवला. त्याची काहीच चूक नाही. मात्र गटात काठी घेऊन चालणारी मंडळी होती. त्यांना दगडी फरसबंदीवरून घाईघाईने फ्रांकेनवेर्फ्टच्या धक्क्यावर आणावे लागले. तिथे एकाच काठावर निरनिराळ्या कंपन्यांचे धक्के ओळीने आहेत आणि आपल्या तिकिटावर धक्क्याचा क्रमांक नव्हता. फिलहार्मोनीचा कार्यक्रम आधीच जाहीर झालेला असतो. तो पाहून पंधरा मिनिटे लवकर निघणे एवढेच करायचे होते.

जेवणाबद्दलची तक्रार अधिक गंभीर आहे, कारण ती शाकाहारी प्रवाशांच्या श्रद्धेची आहे. आपल्या यादीत 'हिमेल उन एएद' हा पदार्थ शाकाहारी गटात, 'बटाटा व सफरचंद' अशा वर्णनाने दिला होता. बटाट्याचा लगदा आणि सफरचंदाचा मुरंबा त्यात असतोच, पण त्यावर डुकराच्या रक्ताचे तळलेले सॉसेज ठेवून देतात; कोलोनची ती रीतच आहे. ताटे समोर आल्यावर काळपट चकत्या कसल्या, हे विचारले म्हणून कळले. उलट 'हाल्वर हान' आपण कोंबडीच्या पदार्थांत टाकला. त्यात कोंबडी नसते: राय या धान्याचा छोटा पाव, लोणी, गाउडा चीजचा जाड तुकडा, मोहरीची चटणी आणि कच्चा कांदा. शाकाहाऱ्यांना चालणारा पदार्थ त्यांच्यापासून दूर ठेवला आणि न चालणारा पुढे केला. (चीजमध्ये प्राणिज रेनेट (दूध घट्ट करण्यासाठी वासराच्या जठरातून काढलेले विरजण) असू शकते, हे कळवणेही आवश्यक आहे.) राइबेकुखन, म्हणजे किसलेल्या बटाट्याची तळलेली थालीपिठे, सफरचंदाच्या मुरंब्यासोबत मिळतात, पण त्यांत बहुधा अंडे असते. जैन प्रवाशांसाठी तर स्वयंपाकघराला आदल्या दिवशीच लेखी कळवायला हवे.

बिअरचे बिल हा आणखी एक वाद. क्योल्श बिअर २०० मिलिलिटरच्या उभट ग्लासात येते, कारण तिचा फेस लवकर बसतो. ग्लास रिकामा झाला की निळ्या एप्रनमधला वाढपी, ज्याला तिथे क्योबेस म्हणतात, न विचारता दुसरा भरलेला ग्लास ठेवतो आणि खालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने एक रेघ ओढतो. पुरे असेल तर चकती ग्लासावर झाकायची. ही खूण केली नाही तर तो आणतच राहतो आणि शेवटी रेघा मोजून पैसे घेतो. 'दोन ग्लास शुल्कात समाविष्ट' एवढेच आपल्या मार्गदर्शकाने सांगितले. चकतीबद्दल चकार शब्द नाही. त्यामुळे तिसऱ्या ग्लासापासूनचे पैसे प्रवाशांना खिशातून भरावे लागले. बिअर न पिणाऱ्यांनी पाणी मागितल्यावर बाटलीचे, तेही सोडा असलेले पाणी आले. साधे हवे असेल तर 'श्टिल' असे सांगावे लागते आणि त्याचेही बिल लागते.

खरेदीविषयी एकच वाक्य पुरे: जर्मनीत रविवारी दुकाने कायद्याने बंद असतात, आणि आपण होहे श्ट्रासे या खरेदीच्या रस्त्यावर रविवारी तास-दीड तास राखून ठेवला होता.

आमच्या मागण्या:

बोटफेरीचे पूर्ण शुल्क सर्व प्रवाशांना परत करावे. शाकाहारी म्हणून नोंद असलेल्यांच्या जेवणाचे पैसे परत करावेत आणि झाल्या प्रकाराबद्दल लेखी दिलगिरी व्यक्त करावी. बिअर व पाण्याच्या जादा बिलांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. ती रक्कम द्यावी. पुढील सहलींसाठी पदार्थांची यादी संबंधित ब्राउहाउसकडून तपासून घ्यावी आणि बोटीची वेळ त्या तारखेच्या सूर्यास्तावरून ठरवावी.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल आम्ही राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू.

आपले,
सहलीतील प्रवासी

सोबत: कार्यक्रमपत्रक, शुल्काची पावती, बोटीचे तिकीट, ब्राउहाउसची बिले, आपण दिलेली पदार्थांची यादी