ऑपरेटर अण्णांना अनावृत पत्र

बेळगाव

आदरणीय अण्णा,
सादर नमस्कार.

कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीत आयुष्यभर पडद्यामागे राबलेल्या वृद्ध कामगारांसाठी निधी उभा करावा, या हेतूने आपल्या टॉकीजमध्ये आम्ही केलेल्या चित्रपटाच्या खेळाला आता तीन आठवडे होऊन गेले. रिळे परत गेली, ज्यांची देणी होती ती भागली, जमाखर्चावर सह्या झाल्या आणि त्यानंतरच हे पत्र लिहावयास घेतले आहे. कारण हिशेब पुरा झाल्याखेरीज कोणाचेही आभार मानू नयेत, असे आपणच आम्हांला पहिल्या बैठकीत बजावले होते. आपले नाव कोठेही छापू नये ही आपली दुसरी अट. ती पाळून, गल्लीतली लहानथोर माणसे ज्या नावाने आपणास हाक मारतात तेच नाव येथे वापरतो.

आमचा मूळ बेत अगदी निराळा होता, हे आधी कबूल केले पाहिजे. भाड्याचे सभागृह, बाहेरगावचा वाद्यवृंद, व्यासपीठावर आठ-दहा मान्यवर, शाल-श्रीफळ आणि मग पावतीपुस्तके घेऊन बाजारात फेरी, असा तो ठरलेला साचा होता. या साच्याला आपल्याकडचे व्यापारी किती कंटाळले आहेत, हे ठाऊक असूनही आम्हांला दुसरे काही सुचत नव्हते. गणेशोत्सव झाला की नवरात्र, नवरात्र झाले की कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावोगावची साहित्य संमेलने. त्यामुळे गणपत गल्लीतला दुकानदार पावतीपुस्तक दिसताच गल्ल्यावरून उठून आत जातो आणि त्याला दोषही देता येत नाही. आपण आमचे अंदाजपत्रक चष्मा पुसून दोनदा वाचलेत, आणि मंडप, फुले, शाली व मान्यवरांचे जेवण या चार ओळींवर बोट ठेवून एवढेच विचारलेत, ‘ह्यातलं त्या म्हाताऱ्या माणसांना काय मिळतंय?’ आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नव्हते. मग आपण म्हणालात, ‘सिनेमावाल्यांसाठी पैसे पाहिजेत तर सिनेमा दाखवा की. तिकीट काढून माणूस येतोय काय नाही, ते बघूया.’

त्या एका वाक्याने आमचा अर्धा खर्च वाचला. शिवाय, ज्यांच्यासाठी पैसे गोळा करावयाचे त्यांचे काम लोकांनी आधी डोळ्यांनी पाहावे, ही साधी गोष्ट आमच्या ध्यानातच आली नव्हती. भाषणात ‘पडद्यामागचे शिल्पकार’ म्हणणे सोपे असते. पण जुन्या कृष्णधवल चित्रपटातल्या एका अंगणात पडलेला चांदण्याचा उजेड हा एका लाइटमनने तासभर उन्हात आरसे व कापड धरून केलेला आहे, हे पडद्याकडे बोट दाखवल्याशिवाय कळत नाही.

आमच्यातील एका तरुणाने त्याच बैठकीत आपणास जरा अगोचरपणेच विचारले होते की, आपली मातृभाषा कन्नड, सारी नोकरी बेळगावातली. मग कोल्हापूरच्या मराठी कामगारांसाठी आपण इतके कष्ट कशासाठी घेणार? आपण रागावला नाहीत. आपण त्यालाच उलट विचारलेत, की पहिला कन्नड बोलपट कोठे झाला. आम्ही म्हैसूर म्हणालो, बंगळूर म्हणालो. १९३४ साली पडद्यावर आलेला ‘सती सुलोचना’ कोल्हापूरच्या छत्रपती स्टुडिओत चित्रित झाला, कारण त्या काळी बंगळुरात बोलपटाची सोयच नव्हती, हे आम्हांला आपल्याकडून प्रथम कळले. चित्रपटांविषयी व्याख्याने देत हिंडणाऱ्या आमच्यासारख्यांना ही लाजेची बाब होती. ‘तिथं दिवे कुणी धरले असतील, सेट कुणी ठोकले असतील?’ असे विचारून आपण म्हणालात, ‘त्यांची मजुरी भागली असेल, खरं उपकार राहिलेत की.’ आपल्या बोलण्यातले ते ‘खरं’ इकडच्या मराठीतले, ‘पण’ या अर्थाचे. प्रमाण मराठीत लिहिताना मी ते बदलणार होतो, परंतु बदलले नाही.

कोल्हापूरकडे बेळगावने पाहण्याची कारणे आमच्यापाशीही होती. बाबूराव पेंटर यांनी स्वतः कॅमेरा तयार केला तो तेथे; १९२९ साली ‘प्रभात’ फिल्म कंपनीची स्थापना झाली ती तेथे; ‘अयोध्येचा राजा’ हा १९३२ चा बोलपट झाला तो तेथे. पुढच्याच वर्षी ‘प्रभात’ पुण्यास गेली, आणि १९४८ च्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ होरपळला. अशा प्रत्येक वेळी कंपनीचे काय झाले हे पुस्तकांत येते. पण स्टुडिओ उठला किंवा बंद पडला तरी सुतार, रंगारी, रंगभूषाकार, कपडेपट सांभाळणारे आणि घोळक्यात उभे राहणारे कलाकार गावातच राहतात, आणि पुढचे चित्रीकरण केव्हा येईल याची वाट पाहतात. त्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीतली माणसे आज सत्तरीत आहेत. चित्रपट कामगारांसाठी १९८१ च्या कायद्याने कल्याण निधी स्थापन झाला, परंतु अशा योजनेचा लाभ ओळखपत्रावर मिळतो, आणि ज्याने जन्मभर रोजंदारीवर आज या कंपनीत, उद्या त्या कंपनीत काम केले त्याच्यापाशी दाखवण्यासारखा कागद क्वचितच असतो. निपाणीच्या विडी कामगार स्त्रियांना हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. निपाणीहून एक गट तिकिटे काढून आला होता, त्यातील एक आजी बाहेर पडताना म्हणाल्या, ‘आमच्यासारखंच हाय की हे.’

आता यंत्राविषयी. डिजिटल प्रोजेक्टर आल्यापासून कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून असलेली, रिळांवरून चित्रपट दाखवणारी ती दोन जुनी यंत्रे आपण आठ दिवसांत जागी केलीत, यातले आम्हांला जेवढे समजले तेवढे लिहितो. एकाचा दिवा चालू झाला. दुसऱ्याचे लॅम्प हाउस, म्हणजे दिव्याची पेटी, रिकामीच निघाली. एका यंत्रावर चित्रपट दाखवायचा म्हणजे प्रत्येक रिळानंतर खेळ थांबणार. दोन हजार फुटांचे रीळ मिनिटाला नव्वद फूट या वेगाने बावीस मिनिटांत संपते आणि आमची रिळे सहा होती, म्हणजे मध्ये पाच वेळा अंधार. आम्ही हवालदिल झालो आणि डिजिटल प्रत मिळते का याची चौकशी करू लागलो. आपण मात्र शांतपणे सांगितलेत की पाच वेळा खेळ थांबणार म्हणजे पाच वेळा चहा विकला जाणार. समितीतल्या भगिनींनी त्यावर लगेच चिरमुऱ्याची पुडी, कुंदा आणि चहा यांचा ठेला बाहेर मांडायचे ठरवले. आपल्या माहितीसाठी सांगतो, त्या पाच मध्यंतरांनी सभागृहाचे वीजबिल भागवून वर बरीच शिल्लक टाकली. अर्थात कुंदा तिसऱ्या मध्यंतरालाच संपला, आणि त्याबद्दल आम्हांला पुष्कळ तक्रारी ऐकाव्या लागल्या, चित्रपटाबद्दल मात्र एकही नाही.

परवानग्यांच्या बाबतीतही आपला अनुभव कामी आला. हक्कधारकाचे लेखी संमतिपत्र आमच्याकडे होते, परंतु सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत अर्जाला जोडावी हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते, आणि एका कार्यालयाने त्यासाठी आम्हांला चार वेळा माघारी पाठवले. पाचव्या वेळी आपण स्वतः सोबत आलात आणि काम पाव तासात झाले.

फलकाचा प्रसंग मात्र सविस्तर लिहिला पाहिजे. दुकाने व आस्थापनांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नड हवे, हा २०२४ चा नियम आमच्या कापडी फलकास लागू होतो की नाही, यावर समितीत तासभर वाद चालला होता. एकाचे म्हणणे, नियम मोडू नये. दुसऱ्याचे म्हणणे, मराठी चित्रपटाच्या फलकावर मराठी लहान अक्षरांत का. तिसऱ्याने वकील शोधण्याचा ठराव मांडला. इतक्यात आपण खाली बसून, पूर्वी टॉकीजचे फलक रंगवत होता तसा कुंचला बुडवून, वरच्या भागावर ठळक कन्नडमध्ये चित्रपटाचे नाव, वेळ आणि तिकिटाचा दर लिहून मोकळेही झाला होता. ‘आयतु’ (झाले) म्हणून आपण कुंचला धुवायला गेलात, आणि वकिलाचा ठराव तसाच राहिला. फलक पाहून बैलहोंगलकडचे एक कुटुंब आले. त्यांना मराठी फारसे येत नव्हते, तरी सहाही रिळे संपेपर्यंत ते बसून होते.

‘फुकट पास एकालाही नाही’ ही आपली अट पाळताना आमची सर्वांत जास्त ओढाताण झाली. ज्यांना आजवर पहिल्या रांगेत बसवले त्यांना शंभर रुपयांचे तिकीट काढा असे सांगायचे कसे, या विचाराने दोन रात्री झोप लागली नाही. तिकीटविक्री सुरू झाल्यावर आपण खिडकीशी रांगेत उभे राहिलात आणि पहिले तिकीट स्वतः विकत घेतलेत. ज्याला खेळभर केबिनमध्येच उभे राहायचे होते, खुर्चीचा ज्याला काहीच उपयोग नव्हता, त्याने तिकीट काढल्यावर पास मागण्याची कोणाची छाती झाली नाही. दोन प्रतिष्ठित गृहस्थ रुसले, हे खरे. ते पुढच्या वर्षी येतील असे मला वाटते, आणि आले नाहीत तरी चालेल.

खेळाच्या दिवशी तिसऱ्या रिळात फिल्मची पट्टी तुटली. पडदा पांढरा झाला, शिट्ट्या सुरू झाल्या, आणि मी घाबरून जिना चढून केबिनमध्ये आलो तेव्हा आपण दोन टोके दिव्यापाशी धरून जोड मारत होता. प्रत जुनी होती, तिला तो शिर्क्यासारखा आंबट वास येत होता, जो आला की फिल्म आतून मरत चालली असे समजावे, असे आपण आधीच दाखवून दिले होते. ‘शिट्टी वाजतेय म्हणजे लोक जागे आहेत, जा खाली,’ असे म्हणून आपण मला हाकललेत. दोन मिनिटांत चित्र पुन्हा पडद्यावर आले आणि टाळ्या झाल्या. त्या टाळ्या केबिनच्या काचेतून आपल्याला ऐकू आल्या की नाही, हे नंतर विचारावयाचे राहिले.

राहिलेल्या गोष्टींत आणखी एक आहे आणि ती आमच्या चुकीची आहे. सकाळी सहापासून आपण केबिनमध्ये होता, आणि दुपारी अडीचपर्यंत आपणास कोणी जेवण विचारले नाही. खाली पाच वेळा चहा विकला गेला आणि वर एकदाही पोहोचला नाही. आपण त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत. हे आम्हांला दुसऱ्या दिवशी द्वारपालाकडून कळले. सर्वांच्या वतीने क्षमा मागतो.

जमाखर्चाचा तक्ता टॉकीजच्या फलकावर मराठी व कन्नड दोन्हींत लावला आहे, म्हणून आकडे येथे पुन्हा देत नाही. तिकिटांची रक्कम कोल्हापुरातील निवडलेल्या कुटुंबांच्या बँक खात्यांत थेट जमा केली आहे. काही व्यापाऱ्यांनी तिकिटाखेरीज मोठी देणगी देऊ केली होती. परंतु देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत मिळावी यासाठी लागणारी नोंदणी आमच्या समितीपाशी नाही, आणि नोंदणी असलेल्या संस्थेलाही २,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास देणाऱ्याला करसवलत मिळत नाही, हे त्यांना स्पष्ट सांगून आम्ही त्यांना अधिक तिकिटे घ्यावयास लावले. ती त्यांनी आपल्या दुकानांतल्या कामगारांना वाटली, त्यामुळे बाल्कनीही भरली.

मानधनाचे पाकीट आपण परत केलेत. ते आम्ही निधीत मिळवले असून त्याची पावती आपल्या नावे फाडलेली आहे. ती तरी कृपया परत करू नये.

आमच्यापैकी दोन मुलांना यंत्र शिकावयाचे आहे, आणि आपण येत्या रविवारी सकाळी १० वाजता येण्यास सांगितले आहे असे कळले. मशीन ऑइल, सुती चिंध्या आणि चपटा पाना, असे आपण सांगितलेले सामान घेऊन ती वेळेवर येतील. सोबत जेवणाचा डबाही असेल.

आपले नम्र,
निधी समितीच्या वतीने, सचिव