बापूंच्या फोटोखाली कनू गांधींचे नाव छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२ ऑक्टोबर आला की सेवाग्राम आश्रमातले बापूंचे जुने फोटो वृत्तपत्रांत आणि शाळांच्या फलकांवर झळकतात. त्यांतले कितीतरी कनू गांधींनी काढलेले. त्यांचे नाव मात्र फोटोखाली क्वचितच दिसते.

हे नाव मला आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका वयोवृद्ध फोटोग्राफर काकांनी सांगितले. त्यांचा स्टुडिओ आता बंद आहे. लग्ने, पोळ्याच्या सजवलेल्या बैलजोड्या, शाळेचे ग्रुप फोटो, मयताचा शेवटचा फोटो, सारे काही त्यांनी काढले आणि प्रत्येकामागे आपला जांभळा शिक्का मारला. शाळेचे जुने फोटो मागायला गेले, तेव्हा त्यांनी जपून ठेवलेले एक चित्र पुढे केले. कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींची बापू शुश्रूषा करताहेत. "बाई, पाहा, दोघायचं ध्यान कॅमेऱ्याकडं नाही. हे अस्सं उगाच नाही जमत."

कनू (१९१७–१९८६) म्हणजे बापूंचे पुतणे नारणदास यांचे चिरंजीव. आश्रमात कारकुनी कामे करत. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या १०० रुपयांतून रोलिफ्लेक्स कॅमेरा आणि रोल आले. बापूंच्या अटी तीन: फ्लॅश मारायचा नाही, पोझ मागायची नाही, आश्रम खर्च देणार नाही.

काकांकडे त्याच घडणीचा याशिका कॅमेरा आहे. तो त्यांनी माझ्या हातात दिला. पोटाशी धरायचा, मान खाली घालून वरच्या काचेत पाहायचे. काचेत डावे-उजवे उलटे दिसते. रोलमध्ये फोटो बाराच. समोरच्यावर डोळा रोखलेला नसतो, म्हणून माणूस अवघडत नाही, असे काका म्हणाले. पण कुडाच्या भिंतींच्या कुटीत, त्या काळच्या संथ फिल्मवर, फ्लॅशशिवाय? "श्वास धरून उभं राहा लागते, बाई. बापू काही थांबत नव्हते ना कोणासाठी." हे सांगताना काकांनी खरोखरच श्वास धरला होता.

चरख्यामागे बसलेल्या बापूंचा १९४६ चा फोटो अमेरिकी छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट यांचा, हे जगाला ठाऊक आहे. त्यांना मोजके तीन फ्लॅश-बल्ब वापरायची परवानगी मिळाली होती. बापूंच्या अखेरच्या दशकभर त्यांच्या अवतीभवती वावरलेल्या कनूंना तेवढीही नव्हती. ३० जानेवारी १९४८ ला त्यांच्या पत्नी आभा बापूंना आधार देत चालत होत्या. कनू तेव्हा दूर पूर्व बंगालमधल्या नोआखालीत कामात होते.

आमच्या गावच्या काकांचे नाव निदान फोटोच्या मागे तरी सापडते. ज्याने वर्धा जिल्ह्याचा हा ठेवा साऱ्या देशाला दिला, त्याचे नाव वर्ध्याच्या मुलांनाही कळू नये, याचे मला फार वाईट वाटते.

म्हणून विनंती आहे. येत्या गांधी जयंतीला आपण जो फोटो छापाल तो कनूंचा असेल, तर खाली 'छायाचित्र : कनू गांधी' एवढे छापा. शाळांनीही फलक लावताना तेच करावे. आमच्या शाळेच्या फलकावर ही ओळ मी खडूने लिहिली आहे; मुख्याध्यापकांनी आता ती रंगाने रंगवून घ्यायचे कबूल केले आहे.

आपली,
एक शिक्षिका,
ता. सेलू, जि. वर्धा