लिलाव मार्चच्या तिसऱ्या शनिवारी आहे

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "हे तुझं लिलाव-लिलाव काय चाललंय?" आणि मागून आईचा आवाज आला, "पैसे लावून खेळतात म्हणे." हे 'म्हणे' कुठून आलं ते मला ठाऊक आहे. तुमच्या जावयांनी आत्याशी बोलताना काहीतरी अर्धवट सांगितलं, आणि आत्याकडून तुमच्यापर्यंत येता येता मी जुगाराचा अड्डा चालवते असं झालं. फोनवर समजावत बसले असते तर नेहमीप्रमाणे मध्येच आवाज तुटला असता, म्हणून सविस्तर लिहिते.

हा जुगार नाही, फँटसी बेसबॉल नावाचा खेळ आहे. त्यात आम्ही स्वतः बेसबॉल खेळत नाही. बॅट हातात धरायची वेळ आमच्यापैकी कुणावरही येत नाही, आणि आली तर बघवणार नाही. इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, मेजर लीगमध्ये 30 संघ आहेत. मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर प्रत्येक संघ 162 सामने खेळतो, म्हणजे जवळपास रोजच. आम्ही 12 जण या 30 संघांतले खेळाडू आपापसात लिलावात घेतो, अर्थात कागदावर. प्रत्येकाला 260 डॉलर मिळतात, तेही कागदावरचेच. त्यात 23 खेळाडू बसवायचे: 14 फलंदाज, 9 पिचर, म्हणजे आपले गोलंदाज. मग ते खेळाडू खऱ्या मैदानावर जे काही करतील त्याचे आकडे आमच्या नावावर जमा होतात. बाबा, तुम्ही आयपीएलचा लिलाव टीव्हीवर बघता तेव्हा "एवढे पैसे याला?" म्हणून ओरडता ना, तसं ओरडायला इथे आम्ही सगळे एकाच खोलीत असतो.

आकडे एकूण दहा प्रकारचे. फलंदाजांचे पाच: धावा, होम रन (आपला षटकार म्हणा), आपल्या फटक्यावर घरी आणलेल्या धावा, चोरलेले बेस (फटका नसतानाच पळून गाठलेला पुढचा टप्पा) आणि सरासरी. पिचरचे पाच: विजय, सेव्ह (शेवटी येऊन संघाची आघाडी राखणं), स्ट्राइकआउट (फलंदाजाला चेंडूवर चकवून बाद करणं), नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, दिलेल्या धावा, आणि दर इनिंगला किती जणांना फटक्यावर किंवा फुकट बेसवर जाऊ दिलं ते. प्रत्येक प्रकारात पहिल्याला 12 गुण, शेवटच्याला 1. सगळ्यांची बेरीज करायची, म्हणजे जास्तीत जास्त 120. यातली गंमत बाबांच्या लगेच लक्षात येईल. तुमच्याकडे होम रन मारणारे कितीही राक्षस असले तरी त्या खात्यात 12 च्या वर काही मिळत नाही. दुसऱ्यापेक्षा एक होम रन जास्त काय आणि शंभर जास्त काय, सारखंच. त्यामुळे मोठी नावं गोळा करणारा सहसा मधेच कुठेतरी लटकतो, आणि प्रत्येक खातं जेमतेम सांभाळणारा वर येतो.

हा प्रकार 1980 साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाला. डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांची टोळी मॅनहॅटनमधल्या 'ला रोटिसरी फ्रांसेज' नावाच्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला जमायची, त्यावरून याला अजूनही रोटिसरी म्हणतात. तेव्हा आकडे छापील पानांवरून हातानं उतरवून बेरजा कराव्या लागत. आता ते काम संगणक करतो. माणसांची भांडणं मात्र अजून हातानंच सोडवावी लागतात, आणि तेच माझं काम. मी या लीगची कमिशनर आहे.

आता पैशांचं. प्रत्येकाचे 50 डॉलर, एकूण 600. ते माझ्या पगाराच्या खात्यात नाहीत, वेगळ्या खात्यात आहेत, आणि त्याचा हिशेब बाराही जणांना कधीही बघता येतो. बक्षिसं लिलावाच्या आधीच ठरलेली असतात. मी त्यातून एक सेंट घेत नाही. उलट लिलावाच्या दिवशीचा चहा माझाच. तिकडे भारतात 2025 च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, ड्रीम इलेव्हनचं नाव भारतीय संघाच्या जर्सीवरून गेलं, हे सगळं आईनं बातम्यांत पाहिलंय, तिची धास्ती रास्त आहे. इथला 2006 चा ऑनलाइन जुगाराविरुद्धचा कायदा मात्र अशा खेळांना वगळतो. बक्षीस आधी जाहीर हवं, आणि निकाल एका सामन्यावर नाही तर अनेक सामन्यांतल्या आकड्यांवर लागायला हवा, अशा त्याच्या अटी आहेत. आमची वकील मैत्रीण स्वतः एका संघाची मालकीण आहे, तिनं हे मला नीट समजावून दिलंय. मोफत, कारण तिला लिलावात माझ्याशी गोड राहायचं असतं.

बाबा, तुम्ही सोसायटीचे सेक्रेटरी होता तेव्हा जेवणाच्या टेबलावर बसून पार्किंगचे अर्ज वाचायचात ते मला आठवतं. आई चिडायची, "पगार देतं का कुणी?" कमिशनरचं काम हुबेहूब तेच आहे. कोणी पैसे वेळेवर भरत नाही, कोणी नियम वाचत नाही आणि मग "मला सांगितलंच नव्हतं" म्हणतो. दर रविवारी रात्री कुणाच्याच संघात नसलेल्या खेळाडूंसाठी बंद बोली उघडते, तुमच्या रंगकामाच्या निविदांसारखी, आणि सोमवारी सकाळी हरलेल्याचा मेसेज ठरलेला: "त्यानं 17 कसे लावले? त्याला माझी बोली कळली होती का?"

मागच्या जुलैमधलं प्रकरण तुम्हाला सांगायलाच हवं, कारण त्यात आरोपी तुमचे जावई होते. ते तेव्हा तिसऱ्या नंबरवर होते. माझ्या ऑफिसातला एक जण अगदी तळाला. या दोघांनी अदलाबदल जाहीर केली: जावयांना एक नावाजलेला पिचर मिळाला आणि त्या बदल्यात त्यांनी दिला एक जायबंदी आउटफिल्डर आणि एक कोवळा पोरगा, जो मेजर लीगमध्ये नुकताच आला होता. ग्रुपवर आग लागली. शाळेत गणित शिकवणारा आमचा मित्र, जो लिलावात कधी आवाज चढवत नाही, त्यानं लिहिलं, "कमिशनरच्या घरात पिचर स्वस्त मिळतात वाटतं." मला राग आला, पण बोट ठेवायला जागा होतीच.

तेव्हा तुमचंच आठवलं. जिन्याखालच्या खोलीचा विषय आला की तुम्ही सभेतून उठून बाहेर जायचात, कारण त्यात आपली सायकल होती. मी तेच केलं. वकील मैत्रीण, गणिताचे मास्तर आणि शेजारचे निवृत्त पोस्टमन अशी तिघांची समिती नेमली आणि मी बाजूला झाले. घरातही त्या विषयावर बोलायचं नाही असं ठरलं. दोन दिवस आमच्याकडे आमटीत मीठ कमी आहे याखेरीज संभाषण नव्हतं. समितीनं दोघांकडून लेखी मागितलं: या सौद्यात तुमचा काय फायदा? ऑफिसातल्या माझ्या सहकाऱ्याचं उत्तर बघण्यासारखं होतं. आमच्याकडे तीन खेळाडू पुढच्या वर्षासाठी राखता येतात, लिलावातल्या किमतीत पाच डॉलर वाढवून. तो कोवळा पोरगा 3 डॉलरला घेतलेला होता, म्हणजे पुढच्या वर्षी 8 डॉलरला हातात. हे वर्ष तर बुडालंच होतं, त्यानं पुढचं पेरलं. समितीनं सौदा मान्य केला. मास्तरांनी स्वतःच ग्रुपवर निकाल टाकला, माझ्याबद्दल चकार शब्द न काढता. पिचर मिळूनही जावई चौथे आले, ते वेगळं.

यंदाचा वाद वेगळाच आहे. तुम्ही इथे आलात तेव्हा आपण नदीकाठच्या पीएनसी पार्कवर सामना बघितला होता, आमच्या पिट्सबर्गच्या पायरेट्स संघाचा. त्याच संघात पॉल स्कीन्स नावाचा पिचर आहे. 2025 मध्ये त्यानं नऊ इनिंगमागे दोनपेक्षाही कमी धावा दिल्या, 1.97. मेजर लीगचे नॅशनल आणि अमेरिकन असे दोन भाग आहेत, त्यातल्या नॅशनल लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्याला एकमतानं मिळाला. आणि त्याच्या नावावर विजय किती? 10. पराभवही 10. कारण पिचरला विजय मिळायला स्वतःच्या संघानं धावा काढाव्या लागतात, आणि आमचे पायरेट्स त्या बाबतीत भलते काटकसरी. ज्यानं स्कीन्सवर सगळ्यात जास्त पैसे ओतले तो पोस्टमनकाका म्हणतो, 'विजय' हा प्रकारच काढा आणि त्या जागी 'क्वालिटी स्टार्ट' घ्या, म्हणजे सुरुवातीच्या पिचरनं निदान सहा इनिंग टाकून तीनपेक्षा जास्त धावा दिल्या नाहीत की एक. म्हणणं बरोबर आहे. पण ज्यांनी राखायचे खेळाडू 'विजय' धरून निवडलेत ते म्हणतात, खेळ सुरू असताना विकेट हलवू नका. मी मतदान घेतलं: बदल करायचा, पण पुढच्या वर्षीपासून. काका फुगलेत. लिलावाला येतील, चिवडा असतो ना.

हो आई, तुझा भाजक्या पोह्यांचा चिवडा. मोठा कागद भिंतीवर लावलेला असतो, खेळाडूंच्या नावाच्या चिकटपट्ट्या असतात, ज्यानं खेळाडू जिंकला त्यानं उठून आपल्या रकान्यात पट्टी लावायची. चिवड्याच्या तेलानं दुपारनंतर एकही पट्टी चिकटत नाही. अर्धा अमेरिकन लीग जमिनीवर पडलेला असतो आणि कुणीतरी टेबलाखाली शिरून आपला शॉर्टस्टॉप शोधत असतो. सुरुवातीच्या तासाला लबाडी जोरात असते: आपल्याला नको असलेल्या महागड्या खेळाडूचं नाव पुकारायचं, म्हणजे बाकीच्यांचे पैसे संपतात. शेवटच्या तासाला उलट. सगळ्यांकडे एकेक डॉलर उरलेला आणि कॅचर कुणालाच नको. मास्तर सकाळपासून गप्प बसून तेव्हा तीन डॉलर शिल्लक ठेवून असतात, आणि "दोन" म्हणून हवा तो माणूस उचलतात.

भावही बदलतात बरं का. 2023 मध्ये बेसची गादी 15 इंचांवरून 18 इंच केली, पिचरला चेंडू टाकायला वेळेचं घड्याळ लावलं, आणि सगळ्या लीगमधले चोरलेले बेस एका वर्षात 2,486 वरून 3,503 वर गेले. बेस चोरणारे सोन्याच्या भावानं जायचे ते एकदम साधे झाले. जपानचा शोहेई ओतानी तर कायमचं दुखणं. तो फलंदाजही आहे आणि पिचरही. 2024 मध्ये त्यानं 54 होम रन मारले आणि 59 बेस चोरले. असं याआधी कुणी केलं नव्हतं. त्याला एक खेळाडू धरायचं की दोन, यावर आमच्याकडे नियमावलीत पानभर मजकूर आहे. आम्ही एक धरतो, आणि दर आठवड्याला मालकानं आधी सांगायचं की या आठवड्यात तो कोण.

बाबांनी मागे विचारलं होतं, आपल्याकडचं कुणी खेळतं का. 2008 मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना एका टीव्ही स्पर्धेतून निवडून याच पायरेट्सनी करारावर घेतलं होतं. मेजर लीगपर्यंत दोघंही पोचले नाहीत, त्यामुळे आमच्या कागदावर यायचा प्रश्न आला नाही.

आईचं एक म्हणणं मात्र मला अजून टोचतं. सामना बघताना मी फोनवर ओरडले, "गेला, याचं कोपर गेलं!" आणि तू म्हणालीस, "अगं, पोराचा हात गेला, आणि तू गुण मोजतेस?" पिचरच्या कोपरातला बंध तुटला की टॉमी जॉन शस्त्रक्रिया करतात, 1974 पासून, आणि माणूस वर्षभर तरी बसून राहतो. आमच्या नियमात जायबंदींसाठी वेगळ्या जागा आहेत, म्हणजे मालकाचं नुकसान होत नाही. पोराचं काय, यावर कलम नाही. तुझ्या बोलण्यानंतर मी ग्रुपवर कुणाच्या दुखापतीवर हसणारी चित्रं टाकायला बंदी केली. दोघांनी नाक मुरडलं.

बाबा, सोबत नव्या कलमाचा मसुदा मराठीत करून पाठवतेय. ऑगस्ट आला की तळातले मालक संघाकडे बघणंच सोडतात, जायबंदी माणसं तशीच खेळवत ठेवतात, आणि त्याचा फायदा वरच्यांपैकी एखाद्यालाच होतो. म्हणून ज्याचे 50 पेक्षा कमी गुण होतील त्याचे पुढच्या लिलावात 10 डॉलर कापायचे असं लिहिलंय. पण प्रामाणिकपणे खेळूनही कुणी तळाला जाऊ शकतो, आणि मग हा दंड अन्याय होतो. थकबाकीदारांसाठी तुम्ही जे लिहिलं होतं, आधी नोटीस, मग मुदत, मग दंड, तसं काही इथे बसतं का बघा. पळवाट राहिली असेल तर लाल पेननं खूण करून फोटो पाठवा, लिलावाच्या आधी.

लिलाव मार्चच्या तिसऱ्या शनिवारी आहे, म्हणून मार्चची तिकिटं काढू नका. त्या आठवड्यात घरात बसायला जागा नसते आणि मी बोलायच्या अवस्थेत नसते. मेमध्ये या. पेन हिल्सच्या वेंकटेश्वराच्या देवळात जाऊ, आणि स्कीन्सची पाळी कधी आहे ते चार-पाच दिवस आधी कळतंच, त्या दिवसाची तिकिटं मी बघते. आई, गुडघ्याचा पट्टा आठवणीनं घे, सामन्याच्या दिवशी पिवळ्या पुलावरून गाड्या बंद असतात, चालत जावं लागतं. चिवडा थोडा जास्त आण. काकांना समजवायचंय.

तुमची लेक