तेराव्यानंतरची कामं

लेस्टर, २० मे

ती. वहिनी,
सा. न. वि. वि.

पाजपंढरीच्या ताईचा बाबू गेला, आता तिच्याकडे जाऊन काय करू, काय बोलू, असं विचारलंत. फोनवर ते नीट सांगता येईना, म्हणून लिहिते. तेरावं झालं, मुंबईची मंडळी परतली. माणसांची गरज आता आहे आणि नेमकं आत्ताच घर रिकामं झालंय.

"काही लागलं तर सांग" म्हणू नका. ती सांगणार नाही. काय लागतंय हे ठरवायचंही त्राण अशा वेळी नसतं. "मंगळवारी दहाला येते, दूध-भाजी आणते" असं सांगा आणि दहालाच पोचा. एका वेळी एकीनेच जायचं, अर्धा-पाऊण तास. भरलं ताट पाहूनच तिला नको होईल. वाटीभर पेज, मीठ घालून, तीन-तीन तासांनी द्या आणि तांब्या हाताशी ठेवा. झोप लागत नाही म्हणून शेजारणीची गोळी मात्र देऊ नका.

बाबूचं नाव घ्या. ताई रडेल, पण तुम्ही आठवण काढली म्हणून नव्हे. ती विसरलेलीच नसते. नाव टाळलं की तिला वाटतं, गाव त्याला विसरलं. "देवाला आवडला", "एक आहे ना पदरात" हे कुणी बोलायला लागलं तर तुम्ही विषय बदला. दुःखाच्या पाच पायऱ्यांचे (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) मेसेजही पुढे पाठवू नका. मानसोपचारतज्ज्ञ कुब्लर-रॉस बाईंनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. आई-बाप त्या क्रमाने चढत नाहीत, आणि मग "मी अजून इथेच कशी?" हा एक जास्तीचा घोर लागतो.

आता घाईचं काम. मृग लागायच्या आत बाबूच्या वस्तूंचं बघा. कुणीतरी हौसेने दप्तर, चपला आवरून टाकेल. तसं होऊ देऊ नका. काय ठेवायचं, काय द्यायचं हे त्या दोघांनीच ठरवायचं, मग वर्ष लागो की दोन. अंगातून काढलेला न धुतलेला शर्ट असेल तर धुवू नका, त्यात त्याचा वास आहे. कोरडा असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधा आणि झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. डांबरगोळ्या घालू नका, त्यांच्या वासाखाली त्याचा वास जाईल. ओलसर ठेवलात तर आपल्या पावसात पंधरा दिवसांत बुरशी धरेल. वह्या आणि फोटोही तशाच डब्यात. फोनमधलं त्याचं बोलणं, व्हिडिओ दोन ठिकाणी उतरवून घ्या. दर्यावर जाणाऱ्याचा फोन कधी पाण्यात पडेल सांगता येत नाही. शाळेच्या ग्रुपवरून ताईचा नंबर काढायचा का, हे आधी तिला विचारा आणि मगच बाईंशी बोला.

भाऊजी आठव्या दिवशी बंदरावर गेले म्हणून लोक बोलले, असं कळलं. नेदरलँड्सच्या युट्रेक्ट विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये नेमकं हेच मांडलं: माणूस दुःखात बुडतो, मग कामाकडे वळतो, पुन्हा बुडतो, आणि ही ये-जाच त्याला तगवते. दोघांची भरती-ओहोटी एका वेळी येत नाही, म्हणून ताईला वाटतं यांना काहीच नाही, आणि त्यांना वाटतं ही सावरायचंच नाव घेत नाही. हे दोघांना वेगवेगळं समजावून सांगा. मला खरी काळजी १ जूनची आहे. मासेमारी बंद झाली की दोन महिने हात रिकामे, आणि संध्याकाळची बाटली जवळ. दादाला सांगा, जाळी दुरुस्तीला भाऊजींना रोज सोबत घ्यायचं. बोलायची गरज नाही. पुरुष समोरासमोर बसून बोलत नाहीत, शेजारी बसून हात चालू असले की बोलतात.

छकुली पाच वर्षांची. तिला "दादा झोपला", "गावाला गेला" सांगू नका; ती झोपायला घाबरेल नाहीतर वाट बघेल. "दादा मेला, त्याचं शरीर आता चालत नाही, तो परत येणार नाही, आणि यात तुझी काही चूक नाही." ती पुन्हा पुन्हा विचारेल, तेवढ्याच वेळा हेच सांगायचं. रडून झाल्यावर लगेच खेळायला गेली तर जाऊ द्या.

"त्याच्याकडेच जाते" असं ताई म्हणाली तर "असं बोलू नये" म्हणून गप्प करू नका. "जीव द्यायचं मनात येतं का?" असं सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. हो म्हणाली तर एकटं सोडायचं नाही, आंब्यावरची फवारणीची औषधं घरातून हलवायची, आणि १४४१६ वर, सरकारच्या टेलि-मानस या मनाच्या मदतीच्या नंबरावर, फोन लावायचा. तो फुकट आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलतात. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचं नाव काढून आधीच घाबरवू नका.

आणि नारळी पौर्णिमा. गाव नारळ घेऊन दर्यावर निघेल, आणि त्याच दिवशी राखी. छकुलीचं काय करायचं हे आठ दिवस आधी ताईला विचारा. फोटोला बांधायची, चुलतभावाला बांधायची की काहीच नाही, ती म्हणेल तसं. आयत्या वेळी विचारू नका.

दादांना नमस्कार. बाबूचे व्हिडिओ उतरवायला तिकडे पेनड्राइव्ह मिळाला नाही तर कळवा, येणाऱ्या कुणाबरोबर पाठवते.

तुमची,
नणंद