हैतीच्या मावशी

महोदय,

ब्रुकलिनच्या फ्लॅटबुश भागातल्या आमच्या शेजारीण, मूळच्या हैतीच्या मावशी, नुकत्याच गेल्या. अशा बायकांवर पेपरात चार ओळी येत नाहीत, म्हणून हे पत्र. तरुणपणी केन्स्कॉफच्या डोंगरातून कोबी, गाजरं डोक्यावरून राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सच्या बाजारात आणून विकायच्या; त्यातून पोरांच्या शाळेची फी निघे. इथे रात्रपाळीत आजारी म्हाताऱ्यांची सेवा केली. पगार हाती पडला की आधी गावी पैसे, मग घरभाडं. जानेवारी 2010च्या भूकंपात पडलेलं भावाचं घर त्यांनीच उभं केलं. हैतीला 1 जानेवारी 1804 रोजी स्वातंत्र्य मिळालं, त्यामुळे दर नववर्षाला भोपळ्याच्या सूपचं पातेलं अख्ख्या मजल्यासाठी चढायचं. मिरची मात्र अशी, की आम्हा कोल्हापूरकरांनाही ठसका लागावा!

– एक वाचक, न्यूयॉर्क