चिकचिक ऐकून घेणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

नाव घालू नकोस असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतंच 'काका'. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात ज्यांच्या दारात जुनी फोर-व्हील ड्राइव्ह उभी आहे, ते ओळखतीलच.

मी सेकंडहँड मारुती जिप्सी घेतली ती हौसेपोटी नव्हे. आमच्या कुळागराकडे, म्हणजे सुपारीच्या बागेकडे, जाणारा शेवटचा दीड किलोमीटर म्हणजे जांभा दगड आणि चिखल, पावसात साधी गाडी तिथे रुततेच. पण पहिल्याच पावसात जिप्सी बोलू लागली. ताशी तीस-चाळीसला चिक्-चिक्-चिक्, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की जास्तच. शिवाय कुळागरातून डांबरी रस्त्याला लागून वळलो की खालून ठक्!

एका गॅरेजवाल्याने गाडी जागेवरच पाच मिनिटं चालू ठेवली आणि निदान केलं: गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारा डबा), दोन्ही उतरवायची. अंदाज ३८,००० रुपये. घरी कसं सांगावं या विचारात मी तुमच्याकडे आलो, तेही कोणीतरी म्हणालं म्हणून, फारशी आशा नसताना.

तुम्ही पान्याला हातसुद्धा लावला नाहीत. शेजारच्या सीटवर बसून म्हणालात, "पयलीं आयक, मागीर उकतें कर." (आधी ऐक, मग उघड.) आधी चाकांना दगड लावले, ट्रान्सफरचा दांडा न्यूट्रलला आणि गिअर तिसऱ्यात. गाडी जागची हलली नाही, पण गिअरबॉक्स आणि तिथून ट्रान्सफर केसपर्यंतचा छोटा शाफ्ट फिरू लागला. जिप्सीत हे दोन डबे वेगवेगळे बसवलेले असतात हे मला त्या दिवशी कळलं. आवाज नाही. म्हणजे ३८ हजारांतला मोठा वाटा तिथेच वाचला.

मग रस्त्यावर नेऊन मला आवाज मोजायला लावलात. चाकाच्या एका फेरीत प्रोपेलर शाफ्टच्या (ट्रान्सफर केसपासून ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या लांब दांड्याच्या) जवळजवळ चार फेऱ्या होतात, आणि चिकचिक चाकापेक्षा कितीतरी भरभर येत होती. म्हणजे दोष व्हील बेअरिंगचा नव्हता. परत येऊन पुढच्या चाकांच्या मधोमध असलेल्या दोन्ही हबांकडे बोट दाखवलंत: 'लॉक'. आधीच्या मालकाने केले ते तसेच होते, मी कधी पाहिलेच नव्हते. हब लॉक असले की टू-व्हील ड्राइव्हमध्येही पुढचा शाफ्ट आणि डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरांचा संच) चाकांबरोबर फुकट फिरत राहतात. दोन्ही 'फ्री' केले, पुन्हा तोच रस्ता, तोच वेग. चिकचिक गायब. सबंध गाडीतला आवाज पुढच्या एका शाफ्टपाशी येऊन थांबला, तोवर एक बोल्टही सैल झाला नव्हता.

गाडीखाली शिरून तुम्ही मलाही ओढलंत. पुढच्या शाफ्टच्या क्रॉसभोवती, म्हणजे टोकाच्या सांध्याभोवती, विटकरी पूड जमली होती, कुंकवाचा करंडा सांडावा तशी. ग्रीस संपून आतल्या बेअरिंगच्या सुया गंजल्या की अशी पूड बाहेर पडते, म्हणालात. शाफ्ट काढण्याआधी दोन्ही बाजूंना पांढऱ्या पेंटचा ठिपका दिलात, कारण जोडताना तो फिरून बसला तर नवी थरथर पदरात पडते. एवढा ठिपका द्यायला किती मेकॅनिक थांबतात, देव जाणे.

हात घातलाच आहे तर म्हणून पुढच्या डिफरन्शियलचं ऑइल पाहिलंत. दुधाळ चहा! मातीने ब्रीदर (हवा ये-जा करायची वाट) बुजलेला. तापलेलं हाउसिंग ओहोळात उतरलं की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर बंद असला की सीलमधून पाणी ओढून घेते. ड्रेन प्लगवरचा राखाडी चिखल अंगठ्याने चोळलात. धातूचे कण टोचले नाहीत तेव्हा कुठे तुमचा चेहरा सैल झाला. नव्वद नंबरचं ऑइल भरलंत, ब्रीदर मोकळा केलात.

ठक्-चं काय? त्यावर तुम्ही हसलात. "ती गाडी नव्हे रे, तू वाजतोस." मी चिखलातून फोर-एचमध्येच (चारही चाकांना जोर देणाऱ्या गिअरात) डांबरावर येत होतो. पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळं फिरू देणारा मधला डिफरन्शियल या गाडीला नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, ओल्या मातीत ती घसरून जुळवून घेतात, कोरड्या डांबरावर ताण शाफ्टमध्ये साठतो आणि ठक् करून सुटतो. त्यात पुढचे टायर झिजलेले, मागचे नवेकोरे. दांडा अडकला तर ओढाताण न करता चार हात सरळ रिव्हर्स घ्यायला शिकवलंत, आणि खरंच, लोण्यातून सुरी जावी तसा तो सुटला. (नवे टायर अजून घेतलेले नाहीत. ओरडू नका.)

क्रॉस, ऑइल, मजुरी मिळून १,६५० रुपये झाले. ऐकायला घातलेल्या दोन तासांचे पैसे तुम्ही लावलेच नाहीत. त्यांचे आभार मानायला हे पत्र.

तुमचा १२-१३ चा पाना माझ्या सीटखाली सापडला. शनिवारी घेऊन येतो, केळ्यांचा घड पण आणतो.