काडतुसांचा हिशेब शिकवणाऱ्या काकांना

प्रिय काका,
सादर नमस्कार.

तुमच्यासमोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही लगेच विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. माझ्या शस्त्र परवान्याचं नूतनीकरण नुकतंच झालं. पडताळणीला आलेल्या हवालदारांनी रजिस्टरमधली शिल्लक वाचली, कपाटातली खोकी मोजली, दोन्ही आकडे जुळले, काम संपलं. ते जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर माझ्या हातात तुम्ही ठेवलंत.

मी ५० मीटर रायफल नेमबाजीला सुरुवात केली तेव्हा जो तो रायफल कशी धरायची, श्वास कुठे रोखायचा हे सांगत होता. तुमची सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, तपासणी विभागात गेलेली. तुम्ही पहिलाच प्रश्न विचारलात, "काडतुसं किती आहेत तुझ्याकडे, आणि कुठल्या लॉटची?" लॉट म्हणजे एका वेळी बनलेली खेप. १८६९ पासून चालू असलेल्या त्या कारखान्याची शिस्त तुम्ही सांगलीच्या गावभागातल्या माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर आणून मांडलीत.

रकाने तुम्हीच आखून दिलेत. तारीख, आवक, लॉट नंबर, खर्च, ठिकाण, शिल्लक, शेरा. रजिस्टर वापरायला घेण्याआधी सगळ्या पानांना नंबर घालायचे. बॉलपेननेच लिहायचं, शाईने नाही. आकडा चुकला तर त्यावर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा आणि छोटी सही. व्हाइटनर लावायचा नाही, पान फाडायचं नाही. आणि रेंजवरून आलं की हात-पाय धुऊन आधी नोंद, मग जेवण.

यातलं मर्म तुम्ही ज्या वाक्यात सांगितलंत ते मी पहिल्या पानावर लिहून ठेवलंय, "खरेदीची नोंद सरकारकडे असते, खर्चाची फक्त आपल्याकडे." किती खरं आहे! परवान्यावर दोन आकडे असतात. एका वेळी जवळ किती काडतुसं ठेवायची आणि वर्षभरात किती घ्यायची. दुकानदार प्रत्येक विक्री परवान्यावर चढवतो, सही-शिक्का मारतो. म्हणजे आत किती आली हे कुणालाही दिसतं. त्यातली किती उडाली, कुठे उडाली, आज घरात किती उरली, हे सांगायला परवानाधारकाशिवाय कुणी नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षं झाली. पाच वर्षांचा सराव कुणाच्या डोक्यात राहील?

त्यातही एका रकान्याबद्दल तुमचे खास आभार मानायचे आहेत. 'न फुटलेली'. माझ्या रायफलचं पॉइंट टू टूचं (.२२) काडतूस कधी कधी फुटत नाही. घोडा पडतो, टक असा आवाज येतो, पुढे काही नाही. अशा वेळी नळी टारगेटच्या दिशेनेच ठेवून थांबायचं, रेंज ऑफिसरला हात करायचा आणि मगच बोल्ट उघडायचा, हे कुठल्याही रेंजवर शिकवतात. पण बाहेर काढलेलं ते काडतूस हिशेबात कुठे धरायचं? ते उडालेलं नाही, म्हणून खर्चात येत नाही. पुन्हा वापरायचं नाही, म्हणून शिल्लकेतही येत नाही. तुम्ही त्याला स्वतःचा रकाना दिलात, वेगळी डबी दिलीत, आणि रेंजवर जमा केलं की तिथल्या माणसाची सही घ्यायला लावलीत. बहुतेकांच्या हिशेबात एक-दोनाचा फरक पडतो तो इथेच, असं माझं मत झालं आहे.

प्रत्येक काडतुसाची नोंद ठेवायची ही सवय मुळात कुणाची, तेही तुमच्याकडूनच कळलं. परदेशात काही देशांत परवानाधारक खेळाडू उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घरी पुन्हा भरतात. पुंगळी कितव्यांदा वापरली, ठिणगी देणारी कॅप कुठल्या लॉटची, दारू कुठली आणि वजनाने किती ग्रेन, गोळीचं वजन किती, काडतुसाची एकूण लांबी किती, हे सगळं ते दर खेपेला लिहितात आणि तीच चिठ्ठी खोक्यावर डकवतात. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवतात. चिठ्ठी नसलेलं काडतूस नेम कितीही चांगला असला तरी वापरत नाहीत, कारण आत काय भरलंय हे बाहेरून दिसत नाही. आपल्याकडे काडतुसं बनवायला १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली वेगळा परवाना लागतो, रायफल बाळगण्याच्या परवान्यात तो अधिकार येत नाही. शिवाय माझं काडतूस पुन्हा भरता येण्यातलं नाहीच. त्याचा स्फोटक मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेतच भरलेला असतो, एकदा ठेचला की संपला. "भरणं आपलं काम नाही, लिहिणं आपलं आहे," असं तुम्ही म्हणालात आणि विषय संपवलात.

लॉटचा रकाना मात्र मला बरेच दिवस कागदी सोपस्कार वाटायचा. एकाच कंपनीची, एकाच रंगाची खोकी, नंबर वेगळा असला म्हणून काय बिघडलं? तेव्हा तुम्ही मार्केट यार्डातल्या हळदीचा दाखला दिलात. एकाच शेतकऱ्याची हळद असली तरी एका कढईतून उतरलेली आणि दुसऱ्या कढईतली सौद्यात वेगवेगळी लावतात, व्यापारी मूठभर उचलून पाहतो आणि दर बदलतो. ५० मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटर व्यासाचं, तिथे लॉटमधला थोडासा फरकही गुण घालवू शकतो. मग कोल्हापूरच्या रेंजवर रायफल टेकवून प्रत्येक लॉटच्या दहा-दहा गोळ्या मारल्या, ग्रुप, म्हणजे टारगेटवर गोळ्यांची भोकं किती जवळजवळ पडली ते, पट्टीने मोजून शेऱ्यात लिहिला, सोबत तापमानही. माझ्या नळीला कुठला लॉट मानवतो ते त्या शेऱ्यांतून कळलं. आता स्पर्धेसाठी तोच लॉट बाजूला ठेवते आणि बाकीचा सरावाला संपवते. कायद्यासाठी आखलेला रकाना गुण वाढवायला कामी आला, हे मला फार मोलाचं वाटतं.

आणि ऑगस्ट २०१९ चा महापूर. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि कृष्णा ५७ फुटांवर गेली. तुमचा फोन पाणी गल्लीत शिरायच्या आधी आला. रायफल, काडतुसं, परवाना आणि रजिस्टर वर हलवायला तुम्ही सांगितलंत, तेही याच क्रमाने. वरच्या मजल्यावरही ओल आली, खालच्या थरातली काही खोकी भिजली. "वाळवून वापरायची नाहीत," हे तुम्ही बजावलंत. लॉटवार यादी करून अर्जासोबत पोलीस ठाण्यात दिली. रजिस्टरच्या कडा फुगल्या होत्या, पण बॉलपेनचं एक अक्षरही पुसलं नव्हतं. शेजारच्या घरातल्या शाईने लिहिलेल्या वह्यांचे निळे डाग मी पाहिलेत, म्हणून त्या साध्या पेनाची किंमत मला कळते.

काका, तुम्ही माझ्याकडून कधी एक पैसा घेतला नाहीत. दर तीन महिन्यांनी येऊन खोकी मोजायचात, ताळा जुळला की कोपऱ्यात पेन्सिलीने बरोबरची खूण करायचात. गुडघे दुखत असतानाही जिना चढून यायचात. घरच्यांना आधी बंदूक घरात असण्याचीच धास्ती होती. तुमच्या त्या खुणा बघून आईची भीती गेली, हे तुम्हाला मी कधी सांगितलं नव्हतं.

२०२४ मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक आणलं, तेव्हापासून आमच्या रेंजवर नवी पोरं दिसतात. त्यांतल्या दोघांना मी रकाने आखून दिलेत आणि लॉटचं समजावलंय. 'न फुटलेली'चा रकाना मुद्दाम कोरा ठेवलाय. पुढच्या रविवारी दोघांना घेऊन तुमच्याकडे येते, तो तुम्हीच समजावून सांगा. जिना आता आम्ही चढू.

तुमची,
गावभाग, सांगली